‘ईटी’ची ऐट

चकचकीत काळी मॅगव्हील्स, मडगार्डबाहेर चार बोटं डोकावणारे टायर आणि मालकाच्या चेहऱ्यावर फड जिंकल्याचा आनंद. अमेरिकेत पिकअपलाच ‘ट्रक’ म्हणतात. तो घरी आला की कंपनीची चाकं उतरवून बाजारातली बसवायची, हा तिथल्या हौशी मंडळींचा जणू कुळाचारच. या सगळ्या ऐटीचं मूळ एका आकड्यात असतं. तो कोरलेला असतो चाकाच्या पाठीवर, म्हणजे चाक बसवल्यावर कोणी बघणार नाही अशा जागी : ईटी ४४, ईटी ०, ईटी उणे १२.

ईटी म्हणजे स्पीलबर्गच्या सिनेमातला परग्रहावरचा पाहुणा नव्हे. ‘आइनप्रेसटीफे’ या जर्मन शब्दाची ती आद्याक्षरं. अर्थ साधारण ‘आत दाबल्याची खोली’. आपण त्याला ऑफसेट म्हणतो. रिमच्या रुंदीच्या बरोब्बर मधोमध एक रेघ आहे असं समजा. चाकाचा जो सपाट भाग हबला टेकतो, तो या रेघेपासून जितके मिलिमीटर दूर तितका ऑफसेट. तो भाग रेघेच्या बाहेरच्या अंगाला असेल तर अधिक, आतल्या अंगाला असेल तर उणे, रेघेवरच असेल तर शून्य.

आता गोची बघा. अधिक म्हणजे चाक आत, उणे म्हणजे चाक बाहेर! ‘ऑफसेट जरा वाढवून द्या’ असं ऐटीत सांगणाऱ्याला दुकानदाराने शब्दशः खरं मानलं, तर चाकं आणखी आत जाऊन सस्पेन्शनला घासतील.

साडेसात सेंटिमीटरचा हिशेब

फोर्ड एफ-१५० हा अमेरिकेतला लाडका ट्रक. समजा, त्याला कंपनीचं साडेसात इंच रुंद, ईटी ४४ चं चाक आहे. मालकाला आवडलं नऊ इंची, ईटी उणे १२ चं. ४४ वरून उणे १२ म्हणजे चाकाचा मध्य ५६ मिलिमीटर बाहेर आला. रुंदी दीड इंचाने वाढली, तिचा निम्मा वाटा, १९ मिलिमीटर, बाहेरच्या बाजूला. एकूण ७५. झाली की चार बोटं! दोन्ही बाजू मिळून गाडी तब्बल १५ सेंटिमीटरने रुंद झाली. आतल्या बाजूला मात्र ३७ मिलिमीटर जागा मोकळी झाली, आणि रुंद टायर बसवणाऱ्यांना खरी हवी असते ती हीच. बाहेरची ऐट वर फुकट.

अमेरिकेत जुने लोक मिलिमीटर मोजत नाहीत, ‘बॅकस्पेसिंग’ इंचात सांगतात : हबला टेकणाऱ्या भागापासून रिमच्या आतल्या काठापर्यंतचं अंतर. वरच्या उदाहरणात ते सुमारे सहा इंचांवरून साडेचारवर आलं. हे गणित करताना नवखे हमखास अर्धा इंच चुकतात. कारण रिमची रुंदी मोजतात टायर जिथे बसतो त्या जागांमधली. दोन्हीकडचे काठ त्यात धरलेलेच नसतात. नऊ इंची रिम पट्टी लावून मोजलं तर दहाच्या आसपास भरतं. दुकानदाराने फसवलं म्हणून भांडायला जाऊ नका.

उलटं चाक, सुलटं चाक

उणे ऑफसेट बघायला अमेरिकेला जायची गरज नाही. महामार्गावर चहाला थांबाल तेव्हा समोरच्या मालट्रककडे नीट बघा. पुढच्या चाकाची डिस्क बाहेर फुगलेली दिसते. मागच्या जोडचाकांपैकी बाहेरचं चाक मात्र पातेल्यासारखं आत खोल. वेगवेगळी वाटतात, पण असतात एकाच जातीची. मागे बाहेरच्या बाजूला तेच चाक उलटं करून बसवलेलं असतं. पुढे अधिक, मागे बाहेरच्या अंगाला उणे, आणि त्याच्या आतलं पुन्हा अधिक. दोन डिस्का पाठीला पाठ लावून बसतात आणि दोन टायरांमध्ये जी फट राहते ती या ऑफसेटचीच कृपा. ती नसती तर टायर एकमेकांना घासून तापले असते. साडेबावीस इंची, सव्वाआठ इंच रुंद अशा सर्रास मिळणाऱ्या मालट्रकच्या चाकात हा ऑफसेट साडेसहा इंचांच्या घरात असतो. पिकअपवाल्यांची चार बोटं यापुढे काहीच नाहीत.

या उलटापालटीचा मोठा फायदा म्हणजे एकच स्टेपनी पुढे, मागे, आत, बाहेर, कुठेही चालते. आणि ‘स्टेपनी’ हा आपला रोजचा शब्द आला आहे वेल्समधल्या लानेल्ली गावच्या स्टेप्नी स्ट्रीटवरून. १९०४ च्या सुमाराला तिथल्या डेव्हिस बंधूंनी जादा चाक विकायला काढलं. त्याला आरे नव्हते. ती नुसती टायर चढवलेली रिम, पंक्चर झालेल्या चाकालाच वरून अडकवायची.

चाक उलटंसुलटं बसवायची ही युक्ती शेतकऱ्याच्याही कामाची. फर्ग्युसन टीई-२० या १९४६ ते १९५६ दरम्यान बनलेल्या ट्रॅक्टरची डिस्क आणि रिम उलटसुलट जोडून दोन चाकांमधलं अंतर ४८ ते ७६ इंचांपर्यंत, चार-चार इंचांच्या टप्प्याने बदलता येई. पीक बदललं, ओळींतलं अंतर बदललं की चाकाचा ऑफसेट बदलायचा. शहरातल्या हौशी गाडीवाल्याला जे आज सापडलं, ते शेतकरी पाना घेऊन बांधावर करत होता.

ऐटीचं बिल

दाराला बिजागरीजवळ ढकलून बघा, हलत नाही. कडेला करंगळी लावा, उघडतं. पुढचं चाक ज्या अक्षाभोवती वळतं, ती त्याची बिजागरी. चाक जितकं बाहेर, तितका खड्ड्याचा धक्का दाराच्या कडेला बसल्यासारखा, आणि तो थेट स्टिअरिंगमार्गे तुमच्या मनगटात. बेअरिंगवरचा ताणही वाढतो, कारण बोजा त्याच्यापासून लांब लटकतो. शिवाय बाहेर आलेलं चाक वळताना मोठा घेर घेतं. म्हणजे आत सस्पेन्शनला घासायचं थांबलं तरी पूर्ण वळवल्यावर मडगार्डला किंवा बंपरला घासायला लागतं. टोयोटा टॅकोमाला मोठे टायर बसवणारे तर केबिन चॅसीला जोडणाऱ्या माउंटचा कोपरा चक्क कापून वेल्ड करतात. हौसेला मोल नसतं म्हणतात, वेल्डिंगला असतं. आणि चिखल? तो दारावर, आरशावर, पावसात खिडकी उघडी असेल तर शर्टावरही.

हब आणि चाकामध्ये स्पेसर, म्हणजे जाड चकती, लावून काम भागवणाऱ्यांसाठी : ३० मिलिमीटरचा स्पेसर म्हणजे ईटी ४४ चं ईटी १४. जादू नाही, वजाबाकी.

ऑफसेट जमला तरी बोल्टांची वर्तुळं जमायला हवीत. २००४ पासूनच्या एफ-१५० ला सहा बोल्ट, १३५ मिलिमीटरच्या वर्तुळावर. आपल्याकडे २०२२ मध्ये आलेल्या हायलक्सलाही सहाच, पण १३९.७ वर. हा विचित्र आकडा म्हणजे निव्वळ साडेपाच इंच. फरक पाच मिलिमीटरहूनही कमी, तरी एकाचं चाक दुसऱ्याला बसत नाही. ठोकून बसवणारा भेटलाच, तर तिथून गाडी काढा.

आपल्याकडे आणखी एक आकडा लक्षात ठेवायचा : ५२. मोटार वाहन कायदा, १९८८ चं हे कलम कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करायला मनाई करतं. चारही चाकं बदलून स्टेपनी जुन्याच ऑफसेटची ठेवणाऱ्यांना मात्र कायद्याआधी पंक्चरच गाठतं. एक चाक आत, तीन बाहेर आणि गाडी लंगडी.

जुनी चाकं घेताय आणि पाठीवरचा आकडा खरडून गेलाय? टायर काढलेलं चाक तोंड खाली करून सतरंजीवर ठेवा. वरच्या काठांवर सरळ पट्टी आडवी टाका आणि तिथून खाली, हबला टेकणाऱ्या भागापर्यंत टेप सोडा. ते झालं बॅकस्पेसिंग. काठांसकट पूर्ण रुंदी मोजा, तिची निमपट त्यातून वजा करा, उरतील त्या इंचांना २५.४ ने गुणा. ऑफसेट हातात येईल. पैसे त्यानंतर द्या.