नोटेवर गावाचे नाव

अमेरिकेत एके काळी आडगावच्या बँकाही चलनी नोटा काढीत, हे वाचून तुम्हाला नवल वाटेल. १८६३च्या कायद्याने ही पद्धत सुरू झाली व १९३५ मध्ये संपली. बँकेने सरकारी कर्जरोखे तारण ठेवायचे आणि त्यांच्या आधारावर नोटा मिळवायच्या. नोटेवर बँकेचे व गावाचे नाव, सनदेचा क्रमांक आणि बँकेच्या अधिकाऱ्यांच्या सह्या असत. अशा बँका झाल्या बारा हजारांहून अधिक!

संग्राहकाला मोल असते ते या गावाच्या नावाचे. मोठ्या शहरातली नोट सहज मिळते. पण लहान गावच्या नोटा मुळातच थोड्या, त्यातून जीर्ण झालेल्या परत जाऊन नष्ट होत. म्हणून त्यांना किंमत भारी, आणि म्हणूनच लबाडीही आली. फाटका कोपरा नवा कागद लावून बेमालूम जोडतात.

येथे आपले पदार्थविज्ञान कामास येते. आजच्या पुष्कळशा पांढऱ्या कागदात अशी द्रव्ये असतात, की ती अदृश्य जंबुपार किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात. जुन्या नोटांच्या कागदात ती नव्हती. अंधाऱ्या खोलीत जंबुपार दिव्याखाली नोट मंद दिसते, ठिगळ मात्र चमकते. (दिव्याकडे सरळ पाहू नका.) धुण्याच्या पावडरीतही बहुधा हीच द्रव्ये असतात; तेव्हा तिने धुऊन ‘स्वच्छ’ केलेली नोटही सापडते!

ठिगळ जुन्याच कागदाचे असेल तर? मग नोट उजेडासमोर धरा. सांध्यापाशी कागदाची जाडी बदलते आणि प्रकाश तेथे कमीजास्त पार होतो.