गाडीतलं घर आणि तांब्याभर पाणी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘व्हॅन’ हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला, पण इंग्रजीचाही तो मूळचा नाही. फारसीतला ‘कारवान’ फ्रेंचमधून इंग्रजीत गेला, तिथे ‘कॅरव्हॅन’ झाला आणि पुढे लोकांनी त्याचं डोकं छाटून शेपूट तेवढं ठेवलं. ती आपली व्हॅन. म्हणजे आमच्या नरडाण्याच्या फाट्यावर प्रवासी भरणारी काळीपिवळी ही उंटांच्या काफिल्याची लांबची नात लागते.

आमचा मुलूखही काफिल्यांचाच. सतराव्या शतकात ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून बुऱ्हाणपूरला गेला तो नवापूर, नंदुरबार, थाळनेर याच वाटेने. थाळनेर तापीकाठी, आमच्यापासून फार लांब नाही. त्या वाटेवरून तेव्हा बैलांचे तांडे जात. पुढे आग्रा रोड झाला, सुरत-भुसावळ रेल्वे झाली. नरडाण्याचा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या जाताना पाहतो. मीही पाहिल्या, त्यांच्यावर कविता केल्या. स्वतः गाडीत घर करीन असं मात्र वाटलं नव्हतं.

हौस म्हणून मी ते केलं नाही. आमची लेक इंदूरला दिली आहे. तिला मुलगी झाली आणि ती नात चालायला लागली, तरी माझ्या बायकोने तिला फोनच्या पडद्यावरच पाहिलं होतं. बोलावणं आलं की म्हणायची, “तुम्ही जाऊन या. माझे गुडघे दुखतात.” गुडघे दुखत होतेच, पण खरं कारण वेगळं होतं. प्रवास असला की ती आदल्या रात्रीपासून पाणी पिणं बंद करायची. वाटेत सोय नसते, असलीच तर कुलूप असतं, कुलूप नसलं तर आत पाय ठेववत नाही. अशा एका प्रवासानंतर तिला लघवीचा संसर्ग झाला, ताप चढला. डॉक्टर म्हणाले, “पाणी कमी पिता का?” तिने माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षांच्या संसारात मी तिला हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

त्या दिवशी ठरवलं, हिला पोटभर पाणी पिऊन निघता येईल अशी गाडी करायची.

एक जुनी पाच आसनी व्हॅन घेतली आणि पहिल्या फटक्यात सगळ्या चुका केल्या. कवीला वाटतं, घर म्हटलं की ते भक्कम हवं. मी १८ मिलिमीटर जाडीचं प्लायवूड आणलं, पलंग केला, कपाट केलं, खण केले. आठ बाय चारचा असा एक पत्रा तीस-बत्तीस किलो भरतो; १२ मिलिमीटरचा वीस-बावीस. हे मला नंतर कळलं. गाडी मागून बसली. रात्री समोरचे ट्रकवाले डोळ्यांवर हात धरायचे, कारण माझे दिवे रस्त्यावर न पडता आभाळात पडत होते. दारात उभा राहून एक शेजारी म्हणाला, “हाई काय शे, चाचा? गाडी शे का कपाट?”

मग सगळं उचकटलं आणि शेजारच्या धान्याच्या दुकानातल्या काट्यावर एकेक वस्तू मोजली. हिशेब सोपा आहे. गाडी पाच माणसांसाठी बनवलेली, आम्ही दोघं. उरलेल्या तिघांचं वजन दोनशे किलोच्या आसपास. अंथरूण, पाणी, बॅटरी, कपडे, डबे हे सगळं मिळून त्याच्या आत राहिलं पाहिजे, आणि शक्य तितकं खाली व दोन्ही चाकांवर सारखं वाटलेलं. मी दीडशेवर थांबलो.

दुसरी चूक कायद्याची. पहिल्या वेळी मी मागचं आसन काढून टाकायला निघालो होतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी पुस्तकातल्या तपशिलात उत्पादकाच्या मूळ नोंदीपेक्षा फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात कलम १८२अ आलं. त्यानुसार नियमबाह्य बदलाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पुस्तकात पाच आसनं असतील तर गाडीतही पाच हवीत. कायमची बांधलेली कॅरव्हॅन हवी असेल तर तिची वाट वेगळी आहे. तिच्यासाठी ‘एआयएस-१२४’ हे मानक आहे, आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेकडून मान्यता घेऊन तशीच नोंदणी करावी लागते. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. पण ते सारं आमच्यासारख्याच्या खिशाबाहेरचं.

म्हणून मी नियम केला : गाडीला भोक पाडायचं नाही, काही कापायचं नाही, जोडायचं नाही. जे करायचं ते सुटं, तासाभरात बाहेर निघणारं. याचा दुसराही फायदा आहे. गाडीच्या तळाखालून पेट्रोलची टाकी, ब्रेकच्या नळ्या, तारा गेलेल्या असतात. ड्रिलचं टोक नेमकं तिथे जायला वेळ लागत नाही. तरी मनात शंका असेल तर आरटीओत आणि विमा कंपनीत आधी विचारून घ्यावं.

सुटं घर कसं असतं हे शिकायला मला लांब जावं लागलं नाही. आमच्याकडे गाडीलोहार येतात. चितोड पडल्यापासून घर करायचं नाही अशी त्यांच्या पूर्वजांची शपथ होती, असं सांगतात. १९५५ मध्ये पंडित नेहरूंनी त्यांना चितोडच्या किल्ल्यात नेऊन ती सोडवली. त्यांच्या गाडीत अख्खा संसार असतो, पण एकही वस्तू एकाच कामाची नसते. पेटी ही बैठक होते, गोधडी ही भिंत होते, आणि जे टांगता येतं ते जमिनीवर ठेवत नाहीत. मुक्ताईनगरहून पंढरपूरला जाणाऱ्या वारीसारख्या वाऱ्यांबरोबरचे ट्रक पाहा. फळ्या टाकून दोन मजले करतात, वर ताडपत्री ओढतात, वारी संपली की फळ्या उतरवून त्याच ट्रकात धान्य भरतात. आपल्या लोकांना ही विद्या येते, फक्त तिला इंग्रजी नाव नाही.

आता माझी गाडी सांगतो. मागच्या आसनाची पाठ पुढे पाडता येते. तिच्यावर १२ मिलिमीटरच्या प्लायची फळी येते. फळीचे तीन भाग, बिजागरीने जोडलेले. पुढची आसनं पुढे सरकवली की जेमतेम सहा फूट लांबी मिळते. फळीचे पाय घडीचे आहेत आणि सगळं सामान पट्ट्यांनी मूळच्या कड्यांना घट्ट बांधलेलं आहे, कारण अचानक ब्रेक लागला तर सुटी पेटी माणसाच्या डोक्यात येते. गाडी चालू असताना फळीवर कोणी झोपायचं नाही. दोघांनी पुढे, पट्टा लावून बसायचं.

उन्हाचं काय? खानदेशात उन्हाळ्यात पारा ४४-४५ वर जातो, आणि पत्र्याची गाडी म्हणजे तापलेला तवा. इथे मला आमची धाब्याची घरं आठवली. छपरावर मातीचा जाड थर, म्हणून ऊन आत पोचायला संध्याकाळ होते. तेच काम हलका फोम करतो. एका बाजूला चकाकणारा कागद लावलेला फोम कापून मी छताला आणि काचांना बसतील असे तुकडे केले. पण लक्षात ठेवा, फोम थंडी निर्माण करत नाही, उष्णता येण्याचा वेग कमी करतो. झाडाची सावली आणि समोरासमोर उघडलेल्या दोन खिडक्या यांना पर्याय नाही. हिवाळ्यातही दोन बोटं काच उघडी हवी. दोन माणसांच्या श्वासातली वाफ रात्रभर पत्र्यावर जमते; सकाळी अंथरूण ओलं आणि काही महिन्यांनी पत्रा गंजलेला. उघड्या काचेला मच्छरदाणीचं कापड चुंबकाच्या पट्टीने लावलं आहे.

विजेचा हिशेब कागदावर करावा. १५ वॅटचा पंखा ८ तास म्हणजे १२० वॅट-तास. ५ वॅटचा दिवा ४ तास म्हणजे २०. दोन फोनचे ३० धरा. एकूण १७०. बॅटरी १२ व्होल्टची, म्हणून १७० भागिले १२, म्हणजे साधारण १४ अँपिअर-तास. शिसं-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून तीस लागते. लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर वीसही पुरते, आणि तिचं वजनही बरंच कमी. गाडीच्या स्वतःच्या बॅटरीला हात लावायचा नाही, नाहीतर सकाळी गाडी सुरू होणार नाही. बॅटरीच्या धन टोकाशी लगेच फ्यूज हवा. फ्यूज लांब लावला तर मधली तार घासून शॉर्ट झाल्यावर त्याचा काही उपयोग नाही.

स्वयंपाक आत करायचा नाही, हे मी हात जोडून सांगतो. बंद गाडीत शेगडी किंवा गॅस पेटवला, किंवा काचा लावून इंजिन चालू ठेवून झोपलं, तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच जातो. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासात चहा नेतो.

आता मुख्य गोष्ट. गाडीत घर करणारे बहुतेक लोक आधी पलंगाचा विचार करतात. मी आधी कमोडचा केला. औषधांच्या दुकानात आजारी माणसासाठी घडीची कमोड खुर्ची मिळते. अडचण उंचीची होती. खुर्ची उंच असली की छताला डोकं लागायचं, बुटकी असली की गुडघे सोसायचे नाहीत. शेवटी खुर्चीचे पाय चार बोटं कापून घेतले आणि उठताना धरायला दारावरच्या मूळच्या मुठीला एक पट्टा बांधला. फळीचा पुढचा भाग उचलला की पुढच्या आणि मागच्या आसनांमध्ये खुर्ची बसते. चारही बाजूंनी जाड पडदा, खाली घट्ट झाकणाचा डबा. लघवीचा डबा वेगळा आणि दुसऱ्याचा वेगळा. त्यात सुताराकडचा कोरडा भुसा, दर वेळी मूठभर टाकायचा. ओलावा वेगळा राहिला तर घाण वास जवळजवळ येत नाही. डबा रिकामा करायचा तो शौचालयातच. आपली सोय झाली म्हणून दुसऱ्याच्या बांधावर किंवा नदीत ओतायचा नाही. वीस लिटर पाण्याचा जार पुढच्या आसनामागे, अगदी खाली.

गाडीची किंमत सोडली तर सगळ्याला पस्तीस हजारांच्या आत खर्च आला. त्यातली खुर्ची सगळ्यात स्वस्त होती. ती पाहून काही जण हसले. एक मित्र म्हणाला, “कवी, घर करायचं सोडून संडास केलास.” मी म्हणालो, “घरात तो नसता तर तू राहिला असतास का?” असं घर तुम्हाला करायचं असेल तर मोजपट्टी हातात घेण्याआधी घरातल्या माणसांना विचारा, प्रवासात तुझं काय अडतं? कोणाचं पाठीचं दुखणं असेल, कोणाला इन्सुलिन थंड ठेवायचं असेल, कोणाचं मूल लहान असेल. गाडी त्या उत्तरातून तयार होते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही निघालो. पहाटे शिरपूर ओलांडलं. सोनगीरच्या कारागिरांनी घडवलेला तांब्या तिने मांडीवर धरला होता, भरलेला, पण ती पीत नव्हती. सवय एका दिवसात जात नाही. पळासनेर गेलं, बिजासनचा घाट सुरू झाला. अर्ध्या घाटात तिने विचारलं, “पुढे थांबायला जागा आहे?” मी म्हणालो, “घाट संपला की सावली आहे. तिथे थांबू. पडदा लावून देतो.”

ती थोडा वेळ बाहेर पाहत राहिली. मग तिने तांब्या उचलला आणि वरून धार धरून घटाघटा अर्धा संपवला.