मृगाचा भरवसा आणि दीड दिवसाचं गणित

मृग लागला की नांदेड जिल्ह्यातल्या, पैनगंगेकाठच्या हदगाव तालुक्यात बियाण्याच्या पिशव्या घरात येऊन पडतात. कुणी पंचांगात यंदाच्या नक्षत्राचं वाहन बघतं, कुणी मोबाइलवर आलेला हवामानाचा मेसेज. पहिला पाऊस पडला, वाफसा झाला, सोयाबीन पेरलं, इथवर सगळं डोळ्यांना दिसतं. खरा घोर पुढचा असतो. पेरल्यावर आठ-दहा दिवसांत दुसरा पाऊस येणार का? नाही आला तर दुबार पेरणी, म्हणजे बियाणं, खत आणि मजुरीचा खर्च पुन्हा एकदा, आणि तोही बहुतेकदा उसनवारीवर.

या आठ-दहा दिवसांचा अंदाज आता निसर्गतःच अवघड होत चालला आहे.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या नीना जोसेफ मणी, ई. सुहास आणि बी. एन. गोस्वामी या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९०१ ते २००४ या काळातल्या रोजच्या पावसाच्या नोंदी त्यांनी तपासल्या. अंदाज मांडताना सुरुवातीच्या मोजणीत बारीकशी चूक राहतेच, कारण प्रत्येक ढगाखाली यंत्र ठेवता येत नाही. ही चूक दुप्पट व्हायला मध्य भारतात पूर्वी साधारण तीन दिवस लागत. १९८० नंतरच्या पाव शतकात तिला दीड दिवसच पुरू लागला. कागदावर मांडून पाहिलं की याचं गांभीर्य कळतं. सहा दिवसांत जी चूक चौपट व्हायची, ती आता सोळापट होते.

याचं मूळ तापलेल्या हवेत आहे. तापमान एका अंशाने वाढलं की हवेत सुमारे सात टक्के अधिक बाष्प मावतं. बाष्पाचे थेंब होताना उष्णता बाहेर पडते, त्या उष्णतेने ढग आणखी जोराने वर चढतात. मोठ्या आचेवर उकळणाऱ्या पातेल्यात पुढचा बुडबुडा नेमका कुठे फुटेल हे सांगता येत नाही, तसंच या आभाळाचं होतं. जोरदार पाऊस पडणार हे कळतं. तालुक्यातल्या तामशावर पडणार की मनाठ्यावर, हे कळत नाही.

याच संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. मराठवाड्याला हे वेगळं सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्याअखेर तिथे पूर आले. २०२३ च्या जुलैत नांदेड जिल्ह्यात अतिवृष्टीने शेतं पाण्याखाली गेली. लगेच पुढचा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ऑगस्ट २०२५ मध्ये जिल्ह्याच्या दक्षिणेला, मुखेड तालुक्यात मुक्रमाबाद भागात एका रात्रीत दोनशे मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. हसनाळ, रावणगावात पाणी घरांत शिरलं, माणसं दगावली, लष्कराला बोलवावं लागलं. वर्षाला ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होणाऱ्या जिल्ह्यातली ही गोष्ट आहे.

संपूर्ण देशाचा, चार महिन्यांचा अंदाज ही बाब निराळी. तो एल निनोसारख्या संथ बदलणाऱ्या समुद्री घडामोडींवर उभा असतो आणि गेल्या काही वर्षांत सुधारलाही आहे. पण देशाची सरासरी कुणाच्या शेतात पडत नाही. २०१७ मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी चुकलेल्या अंदाजाबद्दल हवामान खात्याविरुद्ध थेट पोलिसांत तक्रार दिली होती. त्यामागचा संताप समजून घ्यायला हवा. हंगामाच्या आकड्यावर विसंबून बियाणं मातीत गेलं होतं, आणि त्या आकड्यात जूनमधल्या खंडाचं उत्तर मुळात नव्हतंच.

शास्त्रज्ञ हात बांधून बसलेले नाहीत. मे २०२५ मध्ये पुण्यातच तयार झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू झाली. ती सहा किलोमीटरच्या चौकटीत हवामान मांडते. आधीची चौकट बारा किलोमीटरची होती. महावेध प्रकल्पातून महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. तरी हदगावच्या आभाळाकडे पाहणारी नजर अजून अधू आहे. नागपूर आणि हैदराबाद ही दोन्ही रडारं इथून दोनशेहून अधिक किलोमीटरवर आहेत. पृथ्वीच्या गोलाईमुळे इतक्या लांब त्यांचे किरण जमिनीपासून काही किलोमीटर उंचावरून जातात, आणि त्याखालच्या ढगांत काय चाललंय हे त्यांना दिसत नाही. चूक झपाट्याने वाढत असताना सुरुवातीची मोजणी तरी अचूक हवी, म्हणून मराठवाड्याच्या या टोकाला रडारची गरज सर्वांत जास्त आहे.

तोवर परभणीच्या कृषी विद्यापीठाचा जुना सल्लाच खात्रीचा ठरतो: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी नको. जमिनीत तेवढी ओल असेल तर आठवड्याचा खंड पीक सोसतं. रुंद वरंबा-सरीवर पेरलं तर खंडात ओल टिकते आणि अतिवृष्टीत जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं. विद्यापीठाची हवामान पत्रिका दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघते. दीड दिवसाचं गणित ध्यानात घेतलं तर मंगळवारच्या अंदाजातली चूक शुक्रवारपर्यंत चौपट झालेली असते; फवारणी असो की हळदीला खत देणं, सर्वांत ताजी पत्रिका पाहूनच ठरवावं.