गुणी माणूस कोणाकडे जाणार?

काही दिवस तंजावूरला राहण्याचा योग आला होता, तेव्हा एका रात्री तेथल्या एका जुन्या मराठी घरी जेवायला गेलो. पाने मांडली जात होती आणि घरातले आजोबा व सुटीवर आलेला त्यांचा नातू यांचा वाद रंगात आला होता. नातू अमेरिकेत शिकतो आणि तेथील महाविद्यालयीन फुटबॉलचा त्याला मोठा नाद. शाळेच्या शेवटच्या वर्गातला एक नामांकित खेळाडू कोणत्या विद्यापीठाकडे जाणार, यावर तिकडे असंख्य लोक रात्रंदिवस तर्क लढवीत होते, आणि तो आपल्याच विद्यापीठाकडे येणार याची ह्या मुलाला खात्री होती. आजोबांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, "अरे, यात नवे ते काय? आपल्या वडिवेलूला त्रावणकोरने नेले, तेव्हा या गावात बोलणी थोडी झाली असतील?"

आजोबांचे म्हणणे मला त्या वेळी गमतीचे वाटले. पुढे विचार करू लागलो, तेव्हा ते बरेचसे खरे आहे असे दिसून आले.

अमेरिकेतला तो फुटबॉल आपला नव्हे. त्यात चेंडू बहुतेक वेळ हातात धरून पळायचे असते. पण त्याचे वेड असे, की विद्यापीठांचे मार्गदर्शक सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या घरी जाऊन आईबापांची मनधरणी करतात. मग एके दिवशी तो मुलगा अनेक विद्यापीठांच्या टोप्या समोर मांडून बसतो आणि त्यांतली एक उचलून डोक्यावर घालतो. ज्यांची टोपी मेजावरच राहिली, त्यांच्याकडे त्या रात्री सुतक पडते. विशेष हे, की जुलै २०२१ पर्यंत त्या मुलाला स्वतःच्या नावावर पैसा मिळविण्याची मुभाच नव्हती. मार्गदर्शकाला लक्षावधी डॉलर मिळत. खेळणाऱ्याला मिळे ती शिष्यवृत्ती.

आता तंजावूरकडे वळू. १७९९ च्या तहाने सरफोजी राजांच्या हातून राज्याचा कारभार गेला. उरला तो किल्ला, ठराविक नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. त्रावणकोरात कंपनीचा रेसिडेंट बसला होता. म्हैसूरच्या कृष्णराज वोडेयरांकडून १८३१ साली कारभार काढून घेण्यात आला. ज्यांना लढाईत परस्परांना जिंकणे शक्य उरले नव्हते, त्या राजांनी चढाओढ करायची ती कशात? ती त्यांनी विद्येत आणि कलेत केली. कोणाच्या पदरी कोण गवई आहे, यावरून दरबाराची पत ठरू लागली. सरस्वती महालातील मोडी कागदांत गवई, वादक आणि नर्तकी यांना दिलेल्या रकमांच्या नोंदी आढळतात. त्या कोरड्या आकड्यांमागे ही चढाओढ उभी आहे.

चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार भाऊ मुत्तुस्वामी दीक्षितरांचे शिष्य. भरतनाट्याच्या शिक्षणाला आणि प्रयोगाला आज जो क्रम आहे, तो मुख्यतः त्यांनी घालून दिला. तंजावूर दरबाराशी त्यांचे बिनसले अशी परंपरा आहे. स्वाती तिरुनाल महाराजांनी त्यांना त्रावणकोरात मान दिला आणि १८३४ साली वडिवेलूला हस्तिदंती व्हायोलिन बक्षीस दिले. चिन्नय्या म्हैसूरला गेला. तंजावूरचे मराठी कीर्तनकार अनंतपद्मनाभ गोस्वामी, म्हणजेच मेरुस्वामी, हेही त्रावणकोरात गेले आणि त्यांच्या कीर्तनाचा छाप महाराजांच्या स्वतःच्या आख्यानरचनेवर पडला. तंजावूरने घडविले आणि दुसऱ्यांनी नेले, असे कोणी म्हणेल. पण गुणी माणसाच्या बाजूने पाहिले, तर एका दाराशी मन दुखावल्यावर दुसरे दार उघडे होते, ही त्याची केवढी सोय!

सर्वांनाच हवा असलेला माणूस मात्र कोणाकडेच गेला नाही. तिरुवैयारूचे त्यागराज उंछवृत्तीने राहत. सरफोजी राजांचे बोलावणे त्यांनी परतविले, असे सांगतात. पुढे त्यांना त्रावणकोरास आणण्याचे काम वडिवेलूकडे आले. आख्यायिका अशी, की त्यागराज कावेरीवर जात त्या वाटेवर त्याने बिऱ्हाड केले आणि तो रोज व्हायोलिन वाजवू लागला. त्यागराज थबकले, ऐकत राहिले, प्रसन्न झाले आणि काय हवे ते माग म्हणाले. वडिवेलूने मागणे मागितले. महाराजांची आणि आपली भेट परलोकीच होईल, अशा अर्थाचे उत्तर त्यागराजांनी दिले. डिसेंबर १८४६ च्या अखेरीस महाराज निवर्तले आणि ६ जानेवारी १८४७ रोजी त्यागराज.

१८५५ साली तंजावूरचे राजे शिवाजी औरस पुत्राविना वारले, कंपनीने गादी खालसा केली आणि कलावंतांचा आश्रय तुटला. १८८० मध्ये तंजावूरच्या लक्ष्मीबाईंचा विवाह बडोद्याच्या सयाजीराव महाराजांशी झाला, त्याच चिमणाबाई. त्यांच्याबरोबर आंदणात तंजावूरच्या नर्तकी व वादक बडोद्यास गेले. गौरा आणि कांतिमती ही त्या दरबारातील नर्तकींची नावे. भरतनाट्य गुजराथेत रुजले ते या मंडळींमुळे. कांतिमतींचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर यांनी पुढे बडोद्याच्या विद्यापीठात ही विद्या शिकविली. पण आंदणात गेलेल्यांना 'जाता का?' असे कोणी विचारले असेल?

माझ्या मते साऱ्या वादाचे मर्म येथे आहे. त्यागराजांना नाही म्हणता आले, कारण त्यांना काही नकोच होते. वडिवेलूला जाता आले, कारण त्याला मागणी होती. नर्तकींना यांतले काहीच नव्हते. आपण पाहणारे मात्र एवढेच मोजतो, की कोणाच्या पदरी कोण पडले. जाणाऱ्याला नाही म्हणण्याची मोकळीक होती काय आणि गेल्यावर त्याच्या हाती काय आले, हे दोन प्रश्न आपल्या हिशेबात बहुधा येतच नाहीत.

पाने वाढून झाली. नातू पुन्हा आपल्या खेळाडूविषयी बोलू लागला, तेव्हा आजोबांनी त्याला विचारले, "तो पोरगा स्वतः काय म्हणतो रे?" नातू जरा थांबला. ते त्याने वाचले नव्हते.

त्या मुलाचे शिक्षण येत्या वर्षी पुरे व्हायचे होते. त्यानंतर तो तिकडे राहणार की परतणार, हे त्या घरात त्या रात्री कोणी बोलले नाही. मीही विचारले नाही. आजोबांनी मात्र आपल्या पानातला लाडू उचलून त्याच्या पानात ठेवला आणि ते मुकाट्याने जेवू लागले.