संत्र्याच्या बागेत विज्ञान

नागपूरच्या कळमना बाजारात हिवाळ्याच्या सुरुवातीला आंबिया बहाराची संत्री येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर मृग बहाराची. जात एकच, मग हंगाम दोन कसे? याचं उत्तर मुलांना काटोल किंवा कळमेश्वरकडच्या बागेत मिळतं.

आंबियासाठी शेतकरी हिवाळ्यात बागेचं पाणी तोडतो. याला ‘ताण देणं’ म्हणतात. नवी पालवी थांबते, फांद्यांत अन्न साठतं. पुन्हा पाणी मिळालं की जानेवारी-फेब्रुवारीत फुलं येतात. मृगासाठी ताण उन्हाळ्यात बसतो आणि पहिल्या पावसांवर झाड फुलतं. फुलापासून तोडणीपर्यंत आठ-नऊ महिने जातात.

मुलांना बुंध्याशी बसवून डोळा बांधल्याची खूण दाखवा. खाली जंबेरीचा खुंट, वर नागपुरी संत्रं. मुळं एकाची, फळं दुसऱ्याची! कलमाचा धडा इथे बोटांनी चाचपता येतो.

पाणी केव्हा तोडलं, केव्हा सोडलं, फूल केव्हा आलं, हे मुलांनी शेतकऱ्याला स्वतः विचारावं आणि वहीत टिपावं. पाहणं, नोंद ठेवणं आणि कारण शोधणं, विज्ञानाची सुरुवात यातूनच होते. म्हणून प्रत्येक शाळेने वर्षातून दोनदा, दोन्ही बहारांत, मुलांना बागेत न्यायलाच हवं.