आधी डॉक्टर, मग पेपर, मग विमान

मुलीला किंवा मुलाला पायलट व्हायचंय असं कळलं की घरात पहिली चौकशी फीची होते. ती चुकीची नाही. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, म्हणजे सीपीएल, हातात पडेपर्यंत भारतात आज साधारण पन्नास लाखांच्या पुढे खर्च जातो. त्यासाठी शेत किंवा घर तारण ठेवणारी कुटुंबंही असतात. म्हणूनच फ्लाइंग स्कूलला पहिला हप्ता देण्याआधी कोणत्या क्रमानं जायचं, हे नीट समजून घ्यायला हवं.

सगळ्यात आधी डॉक्टर. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, यादीतल्या डॉक्टरकडे ‘क्लास टू’ तपासणी होते. सीपीएलला त्यापुढची ‘क्लास वन’ लागते. त्यात डोळे, कान, हृदय, रक्त असं सगळं तपासलं जातं. चष्मा असला म्हणजे दार बंद झालं, हा जुना गैरसमज आहे. नियमांत बसणाऱ्या नंबरचा चष्मा चालतो. रंग ओळखण्यातला दोष मात्र आड येऊ शकतो, आणि अनेकांना तो असल्याचं तपासणीपर्यंत माहीतही नसतं. निम्मी फी भरून झाल्यावर हे कळण्यासारखं दुःख नाही. क्लास वन पदरात पडल्याशिवाय मोठी रक्कम देऊ नका, असं मी प्रत्येक पालकाला आग्रहानं सांगेन.

शिक्षणाची अट बारावीची, भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन. कला किंवा वाणिज्य शाखेतली मुलं आजवर हे दोन विषय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, देत आली आहेत. सीपीएलसाठी वय किमान १८ हवं.

मग पेपर. हवाई नियम, नॅव्हिगेशन, हवामानशास्त्र आणि विमानाचं तंत्रज्ञान हे मुख्य विषय. तंत्रज्ञानाचा एक पेपर सर्वसाधारण असतो आणि दुसरा ज्या विमानावर शिकायचं त्याचा. प्रत्येकात किमान ७० टक्के हवेत. बारावीच्या सवयीनं प्रश्नसंच पाठ करून ते मिळवणारी मुलं आहेत, पण पुढं विमानात बसल्यावर त्यांचीच पंचाईत होते. नॅव्हिगेशनचंच बघा. साठ सागरी मैलांच्या प्रवासात दिशा एक अंशानं चुकली, तर विमान जवळपास एक सागरी मैल बाजूला जातं. हा हिशेब खाली जमीन सरकत असताना डोक्यात करावा लागतो. वारा बाजूनं ढकलत असेल तर नाक किती अंश वळवायचं, हेही तसंच. हवामानाच्या पेपरात पश्चिमी विक्षोभ, मान्सूनची द्रोणी, धुकं कधी धरतं आणि कधी विरतं, हे सगळं येतं. कोकणातला पावसाळा पाहत वाढलेल्या मुलाला त्यातलं बरंच अंगवळणी असतं. त्यामागचं कारण तेवढं शिकायचं उरतं.

रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा, त्याला आरटीआर म्हणतात. वर्षानुवर्षं ही परीक्षा दूरसंचार विभाग घेत असे. भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ नं ती जबाबदारी नागरी विमान वाहतुकीकडे आणली. इथं इंग्रजी फर्डं असण्यापेक्षा नेमकं असणं महत्त्वाचं. संकटात ‘मेडे’ तीनदा म्हणायचं, नियंत्रकाची सूचना जशीच्या तशी परत वाचून दाखवायची. मराठी माध्यमातल्या मुलांनी याचा धसका घेऊ नये. ठरावीक शब्दांची ही भाषा सरावानं पक्की बसते.

उड्डाणाचे तास २०० लागतात. त्यांतले १०० स्वतःच्या जबाबदारीवर, काही रात्रीचे, आणि एक प्रवास किमान ३०० सागरी मैलांचा, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. १९२९ मध्ये जे. आर. डी. टाटांनी भारतातला पहिला परवाना मिळवला तेव्हा ते मुंबईत बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकले. आता मुंबईच्या आकाशात शिकाऊ विमानाला मोकळी जागा कुठली? त्या क्लबचं प्रशिक्षण धुळ्याला गेलं, आणि बारामती, गोंदिया, शिरपूर ही नावं वैमानिकांच्या लॉगबुकात आली. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी आहे. तिथं प्रवेश परीक्षा देऊन जावं लागतं.

शाळा निवडताना माहितीपत्रकातल्या फोटोंवर जाऊ नका. उडण्याजोगी विमानं किती, इन्स्ट्रक्टर किती, विद्यार्थी किती, हे विचारा. आधीच्या तुकडीला २०० तास पुरे करायला प्रत्यक्षात किती महिने लागले, हे त्या मुलांनाच विचारा. पावसाळा, नादुरुस्त विमान, इन्स्ट्रक्टरची चणचण यांत दीड वर्षाची तीन वर्षं होतात, आणि कर्जाचं व्याज काही थांबत नाही. २०२५ पासून डीजीसीए या संस्थांना श्रेणी देऊ लागलं. पहिल्या यादीत सर्वोच्च श्रेणी एकाही संस्थेला मिळाली नाही. अमेरिका किंवा दक्षिण आफ्रिकेत तास लवकर भरतात, पण तिथला परवाना इथं चालवून घ्यायला डीजीसीएच्या परीक्षेला बसावंच लागतं.

मुलीला पाठवावं का, असं अजूनही विचारलं जातं याचं वाईट वाटतं. १९८५ मध्ये कोलकात्याहून सिलचरला गेलेल्या ज्या फोकर विमानात सगळा कर्मचारीवर्ग स्त्रियांचा होता, त्याच्या कॅप्टन सौदामिनी देशमुख होत्या.

आणि सीपीएल म्हणजे नोकरी नव्हे, हे घरात आधीच बोलून ठेवावं. एअरबस ए३२० किंवा एटीआरसारख्या विशिष्ट विमानाचं ‘टाइप रेटिंग’ सिम्युलेटरवर करावं लागतं, त्याला आणखी काही लाख पडतात. विमान कंपन्यांच्या कॅडेट योजनांत पुढची वाट आखलेली असते, पण खर्च बहुधा विद्यार्थ्याचाच, आणि नोकरीचं आश्वासन अटींसह असतं. त्या अटी सही करण्याआधी वकिलाला दाखवाव्यात. त्यानंतर उजव्या खुर्चीत फर्स्ट ऑफिसर म्हणून उमेदवारी. एटीपीएल या वरच्या परवान्याला १५०० तास, किमान २१ वर्षं वय आणि पुन्हा परीक्षा लागतात. तो मिळाल्याखेरीज प्रवासी विमानाच्या डाव्या, कॅप्टनच्या खुर्चीत बसता येत नाही.