उसण भरली म्हणून अंथरूण धरू नका

ठाकुर्लीहून सीएसएमटी जवळपास 50 किलोमीटर. धीम्या लोकलमध्ये एका पायावर भार देऊन, वरची कडी धरून तासाहून अधिक उभं राहिलेल्या माणसाची कंबर रात्री घरी बादली उचलताना अचानक धरते, आणि घरातून एकच सल्ला येतो : आडवा हो, हलू नकोस. त्यामागची माया खरी असली, तरी सल्ला चुकीचा आहे. हेलसिंकीतल्या 186 पालिका कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. कंबर धरलेल्या या मंडळींपैकी काहींना दोन दिवस झोपून राहायला सांगितलं, काहींना व्यायाम दिले, उरलेल्यांना झेपेल तशी रोजची कामं करू दिली. सर्वांत लवकर सावरले ते कामं करणारे; सर्वांत उशिरा सावरले झोपून राहिलेले. आखडलेला स्नायू हालचालीने आणि रक्तपुरवठ्याने सैल होतो, पडून राहिल्याने आणखी ताठरतो.

इतकं दुखतंय म्हणजे आत काही तुटलं असणार, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण कळ किती मोठी यावरून इजा किती मोठी हे ठरत नाही. साध्या उसणीतही माणूस कळवळतो. मग लगेच गर्दीची गाडी पकडायची का? मुळीच नाही. दोन दिवस रजा घ्यावी, वजन उचलू नये. पण घरात फिरत राहावं. उठताना आधी कुशीवर वळावं, पाय खाली सोडावेत आणि हाताने रेटा देत बसतं व्हावं. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं शेकावं. नुकताच पाय मुरगळून सुजला असेल, तर शेक नको. कापडात गुंडाळलेला बर्फ बरा. पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते, हा अनुभव अनेकजण सांगतात. बहुतेक उसणी काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपसूक ओसरतात. श्रेय मात्र शेवटी केलेल्या उपायाला मिळतं. दुखऱ्या पाठीवर जोर देण्यात धोका आहे, म्हणून तो उपाय टाळावा.

हे सारं लागू पडतं ते ताण किंवा लचकेच्या दुखण्याला. म्हणून हालचाल सुरू करण्याआधी ताप पाहावा. 2006 साली महाराष्ट्रात चिकुनगुनियाची मोठी साथ आली, तेव्हा सांधे एकाएकी धरलेल्या कित्येकांना आधी ताप आला होता. पावसाच्या तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर काही दिवसांनी ताप येऊन पोटऱ्या दुखू लागल्या, तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) शंका घ्यावी. तापात घरातली जुनी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका. डेंग्यू असल्यास या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. एकच सांधा लाल, गरम होऊन सुजला, पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी अडकली, तर सकाळची वाट पाहू नका. महापालिकेचं शास्त्रीनगर रुग्णालय डोंबिवलीत आहे, रुक्मिणीबाई रुग्णालय कल्याणात. ठाकुर्लीहून दोन्ही एका स्टेशनावर आहेत.